कन्यादान : वाढविते कोण आणि देतो कोण!

आमचे पुसेगाव हिंगोली जिल्ह्यातले, सेनगाव तालुक्यातले. उन्हाळा तोंडावर आला की या मुलखात हळदीची दोन कामे निघतात. एक, शेतातली हळद काढणे, शिजविणे, वाळविणे आणि बाजाराला नेणे. दुसरे, मांडवातली हळद लावणे. वसमतच्या हळदीला २०२४ साली सरकारी भौगोलिक मानांकन मिळाले, म्हणजे हळद आमची हे आता कागदावरही आले. ज्या बाया हळदीचे कंद वेचता वेचता हातांची सालटी काढून घेतात, त्याच बाया संध्याकाळी नवरीच्या गालाला हळद लावतात आणि जात्यापाशी बसून गाणी म्हणतात. मात्र त्यांच्यातली एक बाई मांडवाच्या दाराशी अडते. तिने हळद पेरली, तिने काढली, तिने शिजविली. पण ती लावायचा हक्क तिला नाही. का? तर तिचा नवरा मेला!

वाचकहो, ही गोष्ट आम्ही ऐकीव सांगत नाही. आमच्या घरची सांगतो आणि लाज वाटत असता सांगतो.

आमची धाकटी बहीण गावातच दिलेली. तिचे मालक जाऊन आज बारा वर्षे झाली. पदरात दोन पोरी, अडीच एकर जमीन, त्यातली एकरभर विहिरीवर. भावकीने जमिनीचा बांध कोरला तो तिने पुन्हा घातला. सोसायटीचे कर्ज तिने फेडले. पोरींना हिंगोलीच्या शाळेत एस.टी.ने पाठविले ते तिनेच. तीन वर्षांमागे थोरलीचे लग्न निघाले. लग्नाच्या दिवशी भिक्षुकाने विचारले, “कन्यादानाला कोण बसणार?” आणि ज्या चुलत दिराने इतक्या वर्षांत या पोरींना दोन वह्या घेऊन दिल्या नव्हत्या, तो पुण्याहून आदल्या रात्री आलेला गृहस्थ नवे धोतर नेसून, बायकोला घेऊन पाटावर बसला! पोरीचा हात त्याच्या हातात, त्यावर पाण्याची धार, आणि ‘ही माझी कन्या मी देतो’ असा संकल्प. तिची माय तेव्हा कोठे होती? मांडवामागे चुलीपाशी, भाताच्या पातेल्याजवळ. आम्ही नवरीचे मामा, म्हणून बोहल्यावर नवरीच्या पाठीशी उभे. बहीण मागून हळूच आली आणि म्हणाली, “दादा, मी अक्षदा तरी टाकू का रे?”

आम्ही मास्तर. वर्गात सावित्रीबाईंचा धडा तोंडपाठ शिकविणारे. आणि आम्ही त्या वेळी काय उत्तर दिले? “लांबून टाक,” असे म्हणालो. हे दोन शब्द तीन वर्षे आमच्या घशात अडकून राहिले आहेत, म्हणून आज लेखणी उचलली.

आता आमचा कोणी वाचक म्हणेल की हा सगळा भटजीचा कावा. थांबा. खरे ते सांगितले पाहिजे. तो भिक्षुक गरीब माणूस, त्या दिवशी त्याच्या हाती चार गावची चार लग्ने, फटफटीवर धावतपळत आलेला. आम्ही त्याला बाजूला घेऊन विचारले, “महाराज, मायच बसली तर?” तो म्हणाला, “माझी काही हरकत नाही मास्तर, तुमच्या घरच्यांनी ठरवा.” हरकत घेतली ती आमच्याच भावकीतल्या एका वडीलधाऱ्याने, ज्याच्या देवघरात जोतीबा फुल्यांची तसबीर आहे! “पोरीच्या संसाराला अपशकुन नको,” एवढे त्याने म्हटले आणि सगळा मांडव माना डोलवू लागला. जोतीरावांच्या काळी भट दाराबाहेरून आत येत होता. आता तो आमच्या पोटात बसून बोलतो आहे. दाराबाहेरच्याला हाकलता येते. पोटातल्याचे काय करावे?

म्हणून या लग्नविधींचा एकदा कुणब्याच्या हिशेबाने, ओळीओळीने झाडा घेऊ. आमचे एक सुशिक्षित स्नेही आहेत, ते म्हणतात, “प्रत्येक विधीमागे शास्त्र आहे, अर्थ आहे, तो समजून घ्या.” ठीक. समजूनच घेऊ.

लग्नाचा मोठा भाग पोथीत नाहीच, तो आपल्या हातचा आहे. सुपारी फोडणे आपले. मुहूर्तमेढ रोवणे, गाडीभर डहाळे आणून मांडव घालणे आपले. देवक बसविणे तर निव्वळ आपले. कोणाचे पंचपल्लव, कोणाचा कळंब, कोणाची रुई, कोणाचे मोराचे पीस. कारागिरांत तर हातातले हत्यारच देवक म्हणून पुजतात. ज्या झाडाने सावली दिली आणि ज्या हत्याराने भाकर दिली ते कुळाचे दैवत, आणि ज्यांचे देवक एक ती भावंडे, त्यांच्यात सोयरीक नाही. यात कोणता अर्थ लपलेला आहे? सगळा उघडाच आहे. ते वेदात शोधायला जाऊ नका. पुढे पाहा: मडकी कुंभाराची, पाट-चौरंग सुताराचा, सूप आणि झाल बुरुडाची, बाशिंग माळ्याचे, पायघड्या परटाच्या, तेल तेल्याचे, मणी-डोरले सोनाराचे, वाजंत्री मांगाची, नवरदेवाची हजामत न्हाव्याची. हे सारे बाजूला काढा आणि उरते काय ते बघा. उरतो तो अंतरपाट आणि त्यापलीकडचे, कोणालाच न कळणारे पाठांतर! अंतरपाटाचे कापडही विणले साळ्या-कोष्ट्यानेच.

गळ्यातल्या मंगळसूत्राची तर मोठीच गंमत आहे. त्यावाचून लग्न नाही असे आपल्या बायकांना वाटते, आणि नवरा मेला की पहिल्यांदा तेच तोडतात. परंतु धर्मशास्त्राचा इतिहास लिहिणारे महामहोपाध्याय पां. वा. काणे, ज्यांना १९६३ साली भारतरत्न मिळाले, तेच लिहून गेले आहेत की जुन्या गृह्यसूत्रांत मंगळसूत्राचा उल्लेख नाही. ज्या ग्रंथांच्या नावाने आमच्या बहिणीचा गळा मोकळा केला, त्या ग्रंथांत ते बांधायलाही सांगितलेले नव्हते!

आता पोथीतल्या भागाकडे या. त्यात दोन विधी मुख्य, कन्यादान आणि सप्तपदी. आणि हे दोन विधी एकमेकांचे वैरी आहेत, हे आमच्या स्नेह्यांनी कधी पाहिले आहे काय?

सप्तपदीचा अर्थ आम्हांस खरोखर आवडतो, तो लपवीत नाही. पहिले पाऊल अन्नासाठी, दुसरे बळासाठी, तिसरे धनासाठी, चौथे सुखासाठी, पाचवे लेकरांसाठी, सहावे ऋतूंसाठी, आणि सातव्या पावलाला ती सखी होते. दासी होते असे म्हटलेले नाही. शेतकऱ्याला यात न कळण्यासारखे काय आहे? पेरणी, कष्ट, पैका, सुख, लेकरे, पाऊस-पाणी आणि जन्माची जोडीदारीण. नांगराला दोन बैल जुंपतात तेव्हा एकाने दुसऱ्याला दान केलेले नसते. हा अर्थ मराठीत सांगितला तर मांडवातली म्हातारी रडेल. पण तो संस्कृतात पुटपुटला जातो आणि त्या वेळी पाहुणे जेवणाच्या पंगतीत असतात.

आणि याच्या अगोदर अर्ध्या तासाने काय झालेले असते? तीच सखी दान दिलेली असते! गाय दान देतात, भूमी दान देतात, सोने दान देतात, त्याच रांगेत पोर. दान दिलेल्या वस्तूवर देणाऱ्याचा हक्क राहत नाही. म्हणूनच पोर सासरी मार खाऊन माहेरी आली की बाप म्हणतो, “दिल्या घरी सुखी रहा.” हे वाक्य आकाशातून पडले नाही, त्या पाण्याच्या धारेतून आले आहे. शिवाय दान एकटे जात नाही, दानावर दक्षिणा लागते. भिक्षुकाची दक्षिणा शेपाचशे; जावयाची दक्षिणा पाच लाख आणि मोटारसायकल. तिला हुंडा म्हणतात. १९६१ च्या कायद्याने तो बंद झाला आणि ‘मानपान’ या नावाने चालू राहिला.

इथे आपल्या लोकांनी एक गोष्ट विसरू नये. हुंडा ही कुणब्या-कारागिरांची जुनी रीत नव्हे. आपल्यातल्या पुष्कळ जातींत देज होते, म्हणजे मुलाकडचे मुलीच्या बापास देत. ते चांगले होते असे आम्ही म्हणत नाही, मुलीची किंमत करणे वाईटच. मनूने त्याला आसुरविवाह म्हणून नाव ठेवले आणि कन्यादानाला ब्राह्मविवाह म्हणून डोक्यावर घेतले. तसेच आपल्यात पाट होता, मोहतूर होता. नवरा मेलेली तरणी बाई पुन्हा संसार मांडीत असे आणि गाव तिला नावे ठेवीत नसे. मग आपल्याला चार पैसे मिळाले, पोरे शाळेत गेली, आणि ‘कुलीन’ होण्याची हौस सुटली. कुलीन होताना आपण पहिल्यांदा काय टाकले? पाट टाकला! आणि काय घेतले? हुंडा घेतला, पडदा घेतला, कोरे कपाळ घेतले. वरच्यांच्या घरातले जे सडके, ते आपण डोक्यावर घेऊन आलो, आणि तिकडे वरच्यांच्या शिकलेल्या मुली विधवा झाल्या तर पुन्हा लग्न करून मोकळ्या होऊ लागल्या. असा हा सौदा.

जोतीराव फुल्यांनी २४ सप्टेंबर १८७३ रोजी सत्यशोधक समाज काढला आणि तीन महिने होतात न होतात तो २५ डिसेंबरला पुण्यात सीताराम आल्हाट आणि राधाबाई निंबणकर यांचे लग्न भटाविना लागले. खर्च पानसुपारीचा. पुढच्या वर्षी ज्ञानोबा ससाणे यांचे लागले. विरोध फार झाला, पण लागले. १८८७ साली जोतीरावांनी पूजाविधी आणि मंगलाष्टके यांचे पुस्तकच छापले. त्यात नवरानवरी एकमेकांना उद्देशून बोलतात, आणि नवरी नवऱ्याला स्त्रियांच्या हक्काचे विचारते. दीडशे वर्षांमागे बोहल्यावरची नवरी तोंड उघडून बोलली, वाचकहो! आज लाखाच्या शालूतली नवरी अंतरपाटाआड मान खाली घालून उभी असते आणि बोलतो तो ध्वनिक्षेपकावरचा निवेदक.

तिकडे जुन्नराकडे ओतूरच्या बाळाजी पाटलांनी भटाविना लग्न लावले तेव्हा गावच्या जोश्यांनी त्यांना कोर्टात खेचले. लग्न तुम्ही लावा की लावू नका, आमची दक्षिणा आमचे वतन आहे, असा दावा! हे वतन मुंबई इलाख्यात १९२६ च्या कायद्याने मोडले. तो रावबहादूर सी. के. बोले यांनी कौन्सिलात लढविला. आमच्या पुसेगावास त्याचा उपयोग नव्हता. आम्ही निजामाच्या राज्यात, १९४८ च्या सप्टेंबरापर्यंत. इलाख्याच्या हद्दीपर्यंत सत्यशोधकांचे जलसे आले आणि आमच्याकडे बातमी तेवढी आली. म्हणून मराठवाड्यात हे काम अर्धे राहिले असे आम्हांस वाटते. कोणी याहून वेगळे कारण दाखविले तर आम्ही ऐकू.

आता कायद्याची शंका. हीच मोठी, आणि ती घालून लोकांना भिवविणारे पुष्कळ. “भटजी नसेल तर लग्न बेकायदा ठरेल, पोरीचे वाटोळे होईल.” नीट ऐका. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याचे सातवे कलम म्हणते की वर किंवा वधू, दोहोंपैकी कोणाच्याही रूढीच्या विधीने लग्न लागते. आणि त्या रूढीत सप्तपदी असेल तर सातव्या पावलाला ते पुरे होते. भिक्षुक कोणत्या जातीचा, मंत्र कोणत्या भाषेतले, कन्यादान केले की नाही, याचा त्यात शब्द नाही. अलाहाबादच्या उच्च न्यायालयाने मार्च २०२४ मध्ये स्पष्टच सांगितले की हिंदू लग्नाला कन्यादान आवश्यक नाही. तमिळ मुलखाने तर पेरियारांच्या चळवळीतली पुरोहिताविना लग्ने १९६७ च्या दुरुस्तीने कायद्यात बसवून घेतली. महाराष्ट्र फुल्यांचा म्हणवितो, पण त्याने तेवढे केले नाही, ही बोच आहे.

मात्र उलट बाजूही सांगितली पाहिजे, नाहीतर आमच्या भरवशावर कोणाची पोर खड्ड्यात जायची. नुसता हार घालून, टाळ्या वाजवून, जेवण उरकून लग्न होत नाही. आपल्याच महाराष्ट्रातला एक खटला १९६५ साली सर्वोच्च न्यायालयात गेला होता. पहिली बायको असताना माणसाने दुसरी केली. ‘गांधर्व पद्धतीने’ लावले म्हणाला. न्यायालय म्हणाले, होम नाही, सप्तपदी नाही, आणि त्यावाचून लग्न लागण्याची रूढीही सिद्ध झाली नाही, म्हणून हे दुसरे लग्न लग्नच नव्हे. आणि तो सुटला! पहिलीला न्याय नाही, दुसरीला नाते नाही. २०२४ च्या एप्रिलात सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा सांगितले की विधी झालेच नसतील तर नोंदणीच्या कागदाने हिंदू लग्न होत नाही. लग्न म्हणजे नाचगाणे आणि जेवणावळ नव्हे. आम्हांस हे वाक्य बेंजोवाल्यांच्या प्रत्येक गाडीवर रंगवावेसे वाटते.

तेव्हा विधी टाकू नका. विधी आपल्या हाती घ्या. देवक ठेवा, हळद ठेवा, दिवा किंवा अग्नी साक्षीला ठेवा. सात पावले दोघांनी मिळून चालावीत, प्रत्येक पावलाचा अर्थ मराठीत, मांडवातल्या शेवटच्या माणसाला ऐकू जाईल असा सांगावा, आणि शपथ दोघांनी घ्यावी, एकट्या नवऱ्याने नव्हे. ती गावातल्या कोणाही शहाण्या माणसाने किंवा बाईने सांगावी. मग तीन साक्षीदार घेऊन ग्रामपंचायतीत १९९८ च्या कायद्याप्रमाणे नोंद करावी. ज्यांना विधीच नको त्यांना १९५४ चा विशेष विवाह कायदा आहे. त्यात महिन्याची नोटीस द्यावी लागते. नोंदीचा आणखी एक फायदा: मुलीचे वय अठरा भरले नसेल तर तिथेच पकडले जाते. २०१९ ते २१ च्या सरकारी कुटुंब पाहणीत वीस ते चोवीस वयाच्या बायांपैकी अठराच्या आत लग्न झालेल्या राज्यात शेकडा २१.९ होत्या, आणि परभणी जिल्ह्यात शेकडा ४८. आमचा हिंगोली १९९९ पर्यंत त्याच परभणीत होता. आम्ही हजेरीपट घेऊन बसतो. सातवी-आठवीतले नाव मार्चात एकदम गळते तेव्हा कारण विचारावे लागत नाही.

थोडे अक्षदांविषयी. आमच्याकडे ज्वारी रंगवून टाकतात. हजार माणसे, एकेकाची चिमूट दहा ग्रॅमची धरली आणि मंगलाष्टकाची सहा कडवी, तर साठ किलो. पाच माणसांच्या घराची दोन महिन्यांची भाकर सतरंजीवर, आणि वरून जोडे! लक्ष्मीला पायाने शिवू नये म्हणून पोराच्या थोबाडीत मारणारे आपण. फुलांच्या पाकळ्या टाका, नाहीतर हात जोडा.

राहिला आमच्या भावकीचा शेवटचा मुद्दा, अपशकुनाचा. आम्ही त्यांना एवढेच विचारतो: ज्या थोरल्या पोरीच्या लग्नात मायीला चुलीमागे ठेवून शकुन सांभाळला, तिच्या सासरी पहिल्याच वर्षी मोटारसायकलीसाठी कुरबूर झाली. ती मिटविली कोणी? कन्यादान करणारा पुण्याचा काका आला नाही. हळदीचे पोते विकून पैसे घेऊन गेली ती मायच. अपशकुनी पैसे मात्र चालतात! ४ मे २०२२ रोजी कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने विधवांचे कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे, मंगळसूत्र तोडणे बंद करण्याचा ठराव केला, आणि सरकारने त्याच महिन्यात बाकीच्या गावांना तो कित्ता गिरवायला सांगितले. आमच्या ग्रामसभेत आम्ही हा विषय मांडला तेव्हा सभा चहाला उठली.

असो. येत्या वैशाखात धाकट्या भाचीचे लग्न आहे. मुलगा सुताराच्या कामाचा चांगला हात असलेला. हुंडा मागितलेला नाही आणि मागितला तर सोयरीक मोडायची हे त्याच्या बापास तोंडावर सांगितले आहे. कन्यादान होणार नाही. हळद पहिल्यांदा माय लावील, ती तिच्याच विहिरीवरची असेल. सात पावले मराठीत होतील. सांगायला आमच्या शाळेतल्या बाई येणार आहेत. जाताना मुलीचा हात कोणाच्या हातात दिला जाणार नाही. माय तिला आणि जावयाला एकेक पेंडी बियाण्याच्या हळदीची देईल.

भावकीतल्या अकरा घरांनी येणार नाही असा निरोप धाडला आहे. त्या वडीलधाऱ्यांकडे आम्ही स्वतः जाऊन आलो. ते म्हणाले, “मास्तर, तुम्ही नोकरीवाले, तुम्हाला चालते. आम्हाला गावात राहायचे आहे.” आम्ही म्हटले, “दादा, आम्हीही गावातच राहतो.” त्यांनी चहा दिला, हो की नाही काही सांगितले नाही. बहिणीने त्या अकरा घरांचे जेवणही शिध्यात धरायला सांगितले आहे. ज्वारी वजा केलेली नाही.